तीन मुख्य आणि एक शाखा

श्यामराव खानझोडे यांनी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणून परत पाठवलं नव्हतं. भिलाईच्या सेक्टर दहामध्ये त्यांच्याविषयी जे बरं बोललं जायचं आणि जे वाईट बोललं जायचं, त्या दोन्हींचं कारण हेच होतं. तिथल्या पोलादाच्या प्लांटातून ते अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची खरी कर्तबगारी दिसायची ती मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मंडळात कोणी रुसलं, कोणाची बायको महिला समितीच्या बैठकीतून उठून गेली, की अध्यक्ष म्हणून श्यामराव त्या घरी चहाला जात आणि उठताना रुसलेल्या माणसाला उपाध्यक्ष करून येत. त्यामुळे मंडळाला अकरा उपाध्यक्ष होते, चार कार्याध्यक्ष होते, एक 'विशेष अध्यक्ष' होते आणि सतरंजी उचलायला कोणी नव्हतं. विसर्जनानंतर सतरंज्या हॉलमध्ये तशाच पडून राहत आणि शेवटी रत्नमालाबाई, म्हणजे श्यामरावांच्या सौभाग्यवती, स्वतः जाऊन त्या गुंडाळून आणत. पण मंडळ कधी फुटलं नाही, हे श्यामराव छाती पुढे काढून सांगत. फुटून जायला साधा सभासदच उरला नाही तर मंडळ फुटेल कसं, असं रत्नमालाबाईंचं म्हणणं होतं. त्या बोलण्याला घरात फारशी किंमत नव्हती.

अशा माणसाच्या दारात एप्रिलच्या भर दुपारी शिक्षण खात्याचे कमलेशजी येऊन उभे राहिले, हा काही योगायोग नव्हता. मंडळाचा हॉल फुकट मिळतो आणि तिथले पंखे चालतात, ही बातमी खात्यापर्यंत पोचली होती. कमलेशजींनी एक नवी योजना आणली होती. शाळा एक, परिसर तीन. एक सेक्टर दहामध्ये, एक खुर्सीपारला, एक जामुलला. नववीपासून पुढची सरकारी माध्यमिक शाळा, आणि ती कशी असावी हे लोकांनी ठरवायचं.

"सर, बिना जनसहभागिता के फाइल हिलेगी नहीं," कमलेशजी पन्हं पीत म्हणाले. "आप तो बस लोगों को बिठा दीजिए. बोलना वो ख़ुद शुरू कर देंगे."

श्यामरावांनी आधी संयोजक व्हायला होकार दिला आणि मग करायचं काय ते विचारलं.

त्याच आठवड्यात देवाजी पेढे घेऊन आला. देवाजीने प्लांटातल्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, श्यामरावांच्या हाताखाली सारी नोकरी काढली होती आणि निवृत्तीनंतर तो खुर्सीपारला राहत होता. सोबत त्याची नात दामिनी होती. तिचे आईबाप ठेक्याच्या कामावर छत्तीसगडातल्याच रायगडला, पोरगी देवाजी आणि आजी शकुबाईकडे.

"दामिनी आठवी पास झाली सायेब. वर्गात दुसरी आली."

"वा! आता नववी!"

"नववी कुठं? आमच्या वस्तीतली शाळा आठवीवर खतम होते. बाजूच्या शाळेत गेलो, त जागा भरल्या म्हणते. शकूनं त ठरवूनच टाकलं. म्हणते, जूनमदी इले आमगावले मामाकडं धाडून देऊ. मामीचं लेकरू सांभाळन, घरचं काम शिकन."

"मले नाही जायचं आमगावले," दामिनी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली. आणि मग डोकं वर करून, "मुझे पढ़ना है, आबाजी. वहाँ जाके मैं सिर्फ़ लेकरू सांभाळूँगी क्या?"

 श्यामरावांच्या दोन्ही नाती पुण्यात आणि त्या व्हिडिओ कॉलवर मराठीत 'हॅलो' एवढंच बोलायच्या. या पोरीने त्यांना आबाजी म्हटलं होतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि तो गिळायच्या आत शब्द देऊन टाकला.

"देवाजी, दामिनी याच जूनमध्ये नववीत बसेल. आपल्या नव्या शाळेत. अरे, मी संयोजक हाय!"

पहिली बैठक मंडळाच्या हॉलमध्ये झाली आणि ती लोकसहभागाच्या दृष्टीने फारच यशस्वी ठरली, म्हणजे सगळे एकदम बोलले. आयुष्यभर प्लांटात काढलेल्या माणसांना शाळेचा आराखडा काढायला सांगितलं की ते काय करतील, हे खात्याला कोणी आधी सांगायला हवं होतं. शेजारचे धनंजय देशकर सेफ्टी विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी सुचवलं की प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला हेल्मेट हवं आणि गणिताच्या तासालाही ते काढू देऊ नये, कारण सवय मोडते. एकाने शाळा तीन पाळ्यांत चालवावी असं मांडलं. रात्रपाळीला अभ्यासात लक्ष जास्त लागतं, हा त्याचा अनुभव होता. दुसऱ्याने विचारलं की वर्षातून एकदा संपूर्ण शाळेचं शटडाउन घेऊन मुलांची मोठी दुरुस्ती कधी करायची. पवनीच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी स्वतःच्या शाळेतल्या गुरुजींच्या छडीविषयी खूप वेळ सांगितलं आणि शेवटी ती छडी निंबाची होती की चिंचेची यावर ते स्वतःशीच भांडून खाली बसले. जामुलचे अमरदीप, ज्यांचं तिथे मोठं हार्डवेअरचं दुकान, त्यांची मागणी अगदी साधी होती. शाळेचं गेट त्यांच्या दुकानासमोर यावं. बाकी सगळं जनतेने ठरवावं.

कमलेशजी सगळं लिहून घेत होते. मग त्यांनी, बिचाऱ्यांनी, अगदी सहज विचारलं, "तो मुख्य परिसर कौन सा रहेगा? बाक़ी दो शाखा हो जाएँगे."

 त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणतात. सेक्टर दहा म्हणालं, आम्ही टाउनशिप, आम्ही मुख्य. खुर्सीपार म्हणालं, पोरं आमच्याकडे जास्त, आम्ही मुख्य. जामुल म्हणालं, सिमेंट आमच्याकडचं, त्याच्याशिवाय तुम्ही भिंत उभी करून दाखवा. एका कार्याध्यक्षांनी दुसऱ्या कार्याध्यक्षांची खुर्ची ओढली. श्यामरावांनी ही वेळ गणेशोत्सवात कितीतरी वेळा निभावली होती. ते उठले, दोन्ही हात वर केले आणि शांत आवाजात म्हणाले, "तिन्ही मुख्य."

टाळ्या अशा पडल्या की बाहेर उभा असलेला चहावाला आत डोकावला. कमलेशजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांच्या तोंडापुढे समोसा आला.

"मंग शाखा कोणती?" रात्री जेवताना रत्नमालाबाईंनी विचारलं.

"शाखा कोणीच नाही. सगळे मुख्य."

"म्हंजे सतरंजी मलेच उचला लागन," असं म्हणून त्यांनी वरणाचं भांडं झाकलं.

तीन मुख्य केले म्हणजे काम संपलं असं श्यामरावांना वाटलं होतं. पण मुख्य व्हायचं तर कोणाहून कमी असून चालत नाही, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. सेक्टर दहाच्या जागेवर एक जुना कडुनिंब होता. तो पाहून खुर्सीपार आणि जामुल दोघांनी हरकत घेतली. एका मुख्य परिसराला सावली आणि दोघांना ऊन, ही कुठली समानता? धनंजयराव झाड तोडू देईनात. शेवटी असा ठराव झाला की दुसऱ्या दोन्ही ठिकाणी निंबाची रोपं लावावीत आणि ती याच उंचीची होईपर्यंत जुन्या झाडाच्या सावलीत कोणीही बसू नये. झाडाभोवती दोरी बांधली गेली. त्या दोरीच्या आत एक गाय नेहमीप्रमाणे येऊन बसली, तेव्हा तिला उठवायचं काम कोणाचं यावर एक उपसमिती नेमावी लागली. श्यामरावांनी उपसमितीच्या तिन्ही सदस्यांना तिचं प्रमुख केलं. गाय बसलेलीच राहिली.

मग पायाभरणी आली. तिन्ही मुख्य, तर तिन्हींचा दगड एकाच मुहूर्तावर बसायला हवा, आणि प्रमुख पाहुणे तर एकच. ते कुठेही गेले तरी दोन ठिकाणी अपमान होणार होता. श्यामरावांनी यावर असा तोडगा काढला की पाहुण्यांनी कुठेच जाऊ नये. पाहुण्यांनी आपल्या घरी बैठकीच्या खोलीत बसून नारळ फोडायचा आणि तो तिन्ही ठिकाणी मोबाइलवर दिसायचा. ठरल्याप्रमाणे नारळ फुटला. पण जामुलला नेटवर्क अडकलं आणि तिथे तो बाकीच्यांच्या मागून फुटला. जामुलकर भडकले. पाहुण्यांनी त्यांच्यासाठी वेगळा नारळ फोडला. मग खुर्सीपारचा फोन आला, की जामुलला दोन आणि आम्हाला एक कावून? पाहुणे सज्जन होते, फोडत राहिले. त्यांच्या घरी पुढे आठवडाभर खोबऱ्याची चटणी झाली म्हणतात.

स्वतः श्यामराव त्या दिवशी स्कूटरवर तिन्ही ठिकाणी पळत होते. जामुलला पोचले तर अंगातलं नवं जाकीट घामाने पाठीला चिकटलेलं आणि हातात पिशवी. मांडवातल्या एका माणसाने त्यांच्याकडे पाहून हाक दिली, "नारियल वाले भैया, इधर, पीछे से आओ!" संयोजक खानझोडे मागच्या बाजूने आले. कोणाला नाही म्हणायची सवय नसल्यामुळे त्यांनी मागे उभ्या टेम्पोतले नारळही उतरवून दिले. हे त्यांनी घरी सांगितलं नाही, पण रत्नमालाबाईंना ते जेवणाच्या आत कळलं.

जून उजाडला तेव्हा कमलेशजींचा फोन आला.

"सर, पोर्टल तीन मुख्य नहीं ले रहा है."

"पुन्हा टाकून पाहा ना."

"सर, लाल हो जाता है."

कमलेशजींनी समजावलं ते असं. योजनेत किमान एक शाखा हवीच, नाहीतर शाळेला मंजुरी नाही. शिवाय मुख्य परिसर म्हटलं की त्याला स्वतःची इमारत, प्रयोगशाळा, मैदान आणि कुंपण लागतं. ते बांधून होईपर्यंत तिथे वर्ग भरवता येत नाही. शाखेचं तसं नाही. शाखेला एक छप्पर, एक पंखा आणि एक संडास असला की पुरे. शाखा उद्या सुरू होते. आणि शाखाच नसेल तर या वर्षी नववी नाही.

श्यामरावांनी 'उपमुख्य' सुचवलं. मग 'सहमुख्य'. मग घसा खाकरून 'अतिमुख्य', म्हणजे बाकीचे आपोआप कमी होतील.

"सर," कमलेशजी दमलेल्या आवाजात म्हणाले, "ये पोर्टल है, गणेश मंडल नहीं है."

त्या दिवसापासून श्यामराव शाखा शोधत फिरले. धनंजयराव म्हणाले, "सेक्टर दहा आणि शाखा? अहो, आमच्या मुलीसाठी स्थळ पाहून राहिलो आम्ही. पाहुणे विचारतील ना!" अमरदीप म्हणाले, "अंकलजी, मेरी दुकान भी हेड ऑफिस है. सामने शाखा का बोर्ड कैसे लगेगा?" राहिलं खुर्सीपार. तिथे देवाजी होता. देवाजी आपला माणूस, त्याला समजावता येईल, असा विचार श्यामरावांच्या मनात आला आणि तो त्यांना जरा चमत्कारिक वाटला, पण ते गेले.

देवाजीच्या घरी शकुबाई लोखंडी पेटीत दामिनीचे कपडे भरत होती. दामिनी भरलेले कपडे पेटीतून काढून पुन्हा दोरीवर टाकत होती. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या आणि काम जोरात चाललं होतं.

श्यामरावांनी आडून आडून सांगितलं. देवाजीने सगळं ऐकून घेतलं.

"सायेब, जनमभर लाइनीत मागंच उभा राह्यलो मी," तो म्हणाला. "एक डाव आमच्या वस्तीचं नाव मुख्य म्हून निंघालं, त पोट्ट्यायनं फटाके फोडले. आता त्यायले कोण सांगन? पण दामिनीचा सवाल हाय. तुमी म्हणत असान, त होतो आमी शाखा. मी समजावतो लोकायले. बस, मनातून नाही होत."

शकुबाईने पेटीचं झाकण लावलं. "सोमवारचं तिकीट हाय," एवढंच ती म्हणाली.

श्यामरावांना स्वतःची लाज वाटली. धनंजयरावांनी नाही म्हटलं तेव्हा ते मुकाट्याने उठले होते, अमरदीपनी नाही म्हटलं तेव्हाही उठले होते. ज्याला नाही म्हणता येणार नाही त्याच्याकडे ते शेवटी आले होते. "राहू दे देवाजी, तू मुख्यच हाय," असं म्हणून ते बाहेर पडले. स्कूटर सुरू होईना, म्हणून बराच लांबपर्यंत ढकलत नेली.

घरी आल्यावर त्यांनी रत्नमालाबाईंना सगळं सांगितलं आणि कपाळाला हात लावून दिवाणावर बसले.

"तीन मुख्य तुमीच वाटले ना?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "मंग शाखा बी तुमीच व्हा. समोरची खोली हाय, पंखा हाय, संडास अंगणातून हाय. आणखी काय लागते?"

"माझं घर? शाखा?" श्यामराव ताडकन उठले. "अगं, मी मंडळाचा अध्यक्ष! मी संयोजक! लोकं काय म्हणतील?"

"कावून? दर वर्षी सतरंज्या मी उचलून राहिली, तवा माही इज्जत गेली काय?"

श्यामराव समोरच्या खोलीत गेले आणि त्यांनी पंखा लावून पाहिला. 

दुसऱ्या बैठकीत हॉल गच्च भरला होता. शाखा कोणाला व्हावं लागतंय हे बघायला लोक लग्नाला यावेत तसे आले होते. श्यामराव उठले, हात वर केले, आणि ते आता काय नवं पद काढतात म्हणून सगळे पुढे सरकले. "शाखा मी होतो," ते म्हणाले. "माझं घर. सोमवारपासून." क्षणभर कोणाला कळेना की टाळ्या वाजवायच्या की सांत्वन करायचं. मग धनंजयरावांनी आभाराचा ठराव मांडला आणि या त्यागाबद्दल श्यामरावांच्या घराला 'विशेष मुख्य' म्हणावं अशी दुरुस्ती सुचवली. कमलेशजींनी जागेवरून उठून दोन्ही हात जोडले आणि ठराव तिथेच थांबवला. मागच्या रांगेत देवाजी बसला होता. त्याने गमछ्याने डोळे पुसले.

पोर्टल हिरवं झालं, पण त्याने जाता जाता आणखी एक विचारलं. शाखेच्या आवारात राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद हवी आणि त्याला पद हवं. त्यात रहिवासी असं पदच नव्हतं.

"मैडम को तो मध्याह्न भोजन प्रभारी कर दिया," कमलेशजी संकोचून म्हणाले. "आपके लिए सर... प्राचार्य नहीं हो सकते, शिक्षक नहीं हो सकते. विद्यार्थी में उम्र नहीं ले रहा. एक ही जगह ख़ाली है. भृत्य."

भृत्य म्हणजे शिपाई. ज्यांनी अर्ध्या भिलाईला पदं वाटली, त्यांच्या वाट्याला हे पद उरलं होतं. श्यामरावांनी बायकोकडे पाहिलं. रत्नमालाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या आणि आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

सोमवारी 'श्या. म. खानझोडे, निवृत्त वरिष्ठ अधिकारी' या पाटीवर 'शाखा' असा फलक लागला. तो इतका मोठा होता की खालून फक्त 'निवृत्त' तेवढं दिसायचं. सोफा अंगणात गेला, टीव्हीने भिंतीकडे तोंड केलं, दिवाण मात्र फार जड म्हणून तिथेच राहिला आणि त्याचं पहिलं बाक झालं. मंडळाच्या सतरंज्या खाली अंथरल्या. तिन्ही भागांतून मुलं आली. शिकवायला समृद्धी मॅडम आल्या, त्या हिंदीशिवाय काही बोलत नसत आणि वर्गात गडबड खपवून घेत नसत. पहिल्याच तासाला श्यामराव चष्मा शोधायला आत डोकावले, तर "भैया, क्लास चल रही है" असं सांगून त्यांनी श्यामरावांना त्यांच्याच दिवाणखान्यातून बाहेर काढलं. दिवाणावर पहिल्या जागी दामिनी बसली होती. तिने चष्मा उशीखालून काढून हळूच खिडकीतून दिला. आमगावचं तिकीट देवाजीने रद्द केलं होतं आणि पेटीत आता तिची पुस्तकं राहत होती, हे शकुबाईनेच येऊन रत्नमालाबाईंना सांगितलं.

शाळेला घंटा नव्हती. रत्नमालाबाईंनी लग्नात आलेली पितळी परात काढून दिली आणि सोबत लाटणं. श्यामराव पहिले काही दिवस इकडेतिकडे बघून, कोणी ओळखीचं नाही ना याची खात्री करून परात वाजवत. मग त्यांना त्यातलं मर्म कळू लागलं. मधल्या सुट्टीची घंटा वेगळी, शाळा सुटायची वेगळी. त्यांची वेळ चुकत नसे. दामिनी तास संपायच्या थोडं आधी खिडकीतून बघत असे आणि ते तिला मान हलवून 'आहे लक्षात' असं सांगत.

गणपती जवळ आले तोवर तिन्ही मुख्य परिसरांत तीन दगड होते आणि त्यांच्यावर बकऱ्या. कडुनिंबाची दोरी तशीच होती, गायही तशीच होती. शाखेत मात्र तिमाही परीक्षा आली होती. अशातच एका दुपारी धनंजयराव, अमरदीप आणि मागोमाग चार-पाच उपाध्यक्ष अंगणात शिरले आणि सोफ्यावर बसले.

"श्यामराव, आम्ही विचार केला," धनंजयराव म्हणाले. "आम्हालाही शाखा करून टाका."

"हमको भी," अमरदीप म्हणाले.

"पण सेक्टर दहा आधी. आम्ही ज्येष्ठ शाखा."

"ऐसे कैसे? जामुल मुख्य शाखा!"

एक उपाध्यक्ष उठला, दुसऱ्याने त्याचा सदरा धरला. श्यामरावांच्या जिभेवर जुनं वाक्य आपोआप आलं. दोन्ही हात वर जाऊ लागले. एका हातात परात होती, दुसऱ्यात लाटणं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "आबाजी, घंटी!"

"नाही," श्यामराव म्हणाले.

उपाध्यक्षाच्या हातातून सदरा सुटला. या माणसाच्या तोंडून हा शब्द अंगणात कोणी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरात रत्नमालाबाईंची पळी थांबली. श्यामरावांनाही तो ऐकून जरा नवल वाटलं, पण चांगलं वाटलं.

"ज्येष्ठ नाही, मुख्य नाही, काही नाही. साधी शाखा व्हायचं असेल तर कमलेशजींना मी आज सांगतो," ते म्हणाले. "अध्यक्ष शाळा सुटल्यावर भेटतील. आता मी ड्यूटीवर हाय."

त्यांनी परात अशी वाजवली की धनंजयरावांनी कान झाकले. शाळा सुटली. दामिनी दप्तर पाठीवर टाकून सगळ्यांत आधी बाहेर आली आणि अंगणात उभ्या असलेल्या देवाजीच्या सायकलीकडे धावली. मुलं गेली. मागे मोकळ्या दिवाणखान्यात सतरंज्या पसरलेल्या राहिल्या.

श्यामराव आत गेले, वाकले आणि सतरंजीचं एक टोक उचललं. दुसरं टोक लांब होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. धनंजयराव जरा घुटमळले, मग त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि दुसरं टोक धरलं.